पेलेटच्या चुलीचे धुराडे साफ केले, तरी धूर घरातच फिरतो

दुधनाकाठ (सेलू परिसर)

नमस्कार. आमचे आठ माणसांचे घर सेलू तालुक्यातील एका खेड्यात असून स्वयंपाकघरावर अजून जुने माळवदच आहे. पुढच्या दोन खोल्यांवर तेवढा स्लॅब पडला आहे. गॅसचा खर्च आटोक्यात यावा म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही पेलेटवर (भुसा किंवा काडीकचरा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर) चालणारी दोन तोंडांची लोखंडी चूल बनवून घेतली. तिच्या बाजूला पाभरीच्या चाड्यासारखे हॉपर आहे. त्यातून पेलेट्स घरंगळत जळणाच्या भांड्यात येतात, खालून बारा व्होल्टचा छोटा पंखा हवा देतो आणि धूर मागच्या बाजूने चार इंची धुराड्यात जातो. दोन वेळचा स्वयंपाक आणि सकाळी आंघोळीचे पाणी मिळून रोज सहा किलोच्या आसपास पेलेट्स लागतात.

पहिली दोन वर्षे आम्ही लाकडाच्या भुशाचे पेलेट्स वापरले आणि काहीही तक्रार नव्हती. गेल्या दिवाळीपासून ते मिळेनासे झाले, म्हणून पऱ्हाटी आणि सोयाबीनच्या कुटाराचे पेलेट्स घेऊ लागलो. तेव्हापासून भांड्याच्या तळाशी वीटभट्टीतल्या खंगरासारखे कठीण खडे तयार होतात, जाळ निळसर राहण्याऐवजी पिवळा आणि आळशी दिसतो, आणि भाकरी होईपर्यंत खोलीत धूर साचतो. वीज गेली की पंखा थांबतो आणि मग स्वयंपाकघरात उभे राहणेही कठीण होते. आईला आधीच खोकला आहे.

मागच्या आठवड्यात मी माळवदावर चढून धुराड्यात दोरीला दगड आणि पोत्याचा बोळा बांधून चार-पाच वेळा वर-खाली ओढला. घमेलेभर काजळी निघाली. दोन दिवस बरे चालले आणि पुन्हा तेच सुरू झाले. धुराड्याचा पाइप करड्या सिमेंटचा आहे. वडिलांच्या काळात सुधारित चुलीची योजना आली होती, तेव्हा बसवलेला तोच पाइप नव्या चुलीला जोडला. साफसफाई किती दिवसांनी आणि कशाने करावी, दोष धुराड्यात आहे की चुलीत, आणि निघालेली राख शेतात टाकली तर चालेल का, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

खानावळवाली (लातूर)

दादा, मी लातुरात शिकवणीच्या मुलांसाठी खानावळ चालवते. आमच्याकडची भट्टी तुमच्या चुलीपेक्षा बरीच मोठी आहे, परंतु रडगाणे अगदी हेच होते, म्हणून लिहिते.

तुम्ही धुराड्यापासून सुरुवात केलीत, तशीच मीही केली होती आणि त्यात माझे दोन महिने वाया गेले. धूर वर जात नाही असे दिसले की आपले लक्ष आधी वर जाते, परंतु आमच्या भट्टीत अडचण खाली होती. जळणाच्या भांड्याला तळाशी आणि वरच्या कडेला बारीक भोके असतात. तळाच्या भोकांतून आलेल्या हवेने पेलेट तापून वायू सुटतो आणि वरच्या भोकांतून आलेल्या हवेने तो वायू पेटतो. वरची भोके राखेने बुजली की वायू न जळताच धुराड्यात शिरतो, तिथे काजळी धरतो आणि मग आपण धुराड्याला दोष देतो. तुमचा पिवळा, आळशी जाळ हेच सांगतो आहे असे मला वाटते.

माझा नेम असा आहे की पहाटे भट्टी पेटवण्यापूर्वी, ती पूर्ण थंड असताना, भांडे बाहेर काढायचे, खंगर उलथन्याने खरवडायचे आणि सायकलच्या चाकाच्या जुन्या तारेने एकेक भोक मोकळे करायचे. भांडे उजेडाकडे धरून पाहिले की कोणते भोक राहिले ते लगेच कळते. तार जाड घेऊ नका; आमच्या पोराने एकदा खिळा ठोकून भोके मोठी करून ठेवली आणि त्यानंतर हवेचे प्रमाण कधी जमलेच नाही, शेवटी भांडेच नवीन घ्यावे लागले.

पंखा उघडून पाहिला आहे का? स्वयंपाकघरात पीठ उडते, फोडणीचे तेल उडते, आणि दोन्ही मिळून पात्यांवर चिकट थर बसवतात. बाहेरून पंखा फिरताना दिसतो, आवाजही येतो, परंतु हवा अर्धीच जाते. तारा सोडवून, कोरड्या ब्रशने आणि नंतर जेमतेम ओलसर फडक्याने पाती पुसा.

राखेबाबत एक चूक माझ्या हातून झाली आहे. रात्री भट्टी विझली असे समजून मी राख प्लास्टिकच्या टबात भरून पोत्यांच्या थप्पीशेजारी ठेवली. सकाळी टबाला भोक पडलेले होते आणि खालची फरशी काळी झाली होती. वरून पांढरी दिसणारी राख आत निखारा धरून ठेवते, कधी कधी दोन-तीन दिवससुद्धा. तेव्हापासून झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, तो अंगणात भिंतीपासून लांब ठेवतो.

किती दिवसांनी साफ करावे, याचे उत्तर दिवसांत देण्यापेक्षा गोण्यांत द्यावे असे माझे मत आहे. लग्नसराईत मुले गावी गेली की आमची भट्टी महिनाभर निम्मीच चालते, मग महिन्याचा हिशेब कशाला लावायचा? मी दर दहा गोण्यांनंतर खालचे झाकण उघडून आत बॅटरी मारते आणि थर दिसला तर ब्रश फिरवते. तुम्हीही भिंतीवर रेघा ओढून ठेवा.

निवृत्त मास्तर (जालना)

ताईंनी हवेबद्दल लिहिलेले अगदी योग्य आहे. मी तंत्रशाळेत पत्राकाम आणि वेल्डिंग शिकवत असे. मला मात्र आधी एका गोष्टीवर थांबायचे आहे, कारण ती बाकी सगळ्यापेक्षा तातडीची आहे.

दुधनाकाठ, तो करडा सिमेंटचा पाइप बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचा आहे. १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा धुराड्यासाठी अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप सर्रास वापरले जात. शाबूत असताना, कोणी हात लावत नाही तोवर त्याचा धोका कमी असतो. कोरडा घासला, कापला, भोक पाडले किंवा फुटला, तर त्यातील अतिसूक्ष्म तंतू हवेत मिसळतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात. त्यांपासून होणारे आजार, त्यात कर्करोगही आला, अनेक वर्षांनी डोके वर काढतात. दुसरी बाब अशी की हा पाइप लाकडाच्या साध्या चुलीच्या कोमट धुरासाठी होता. पंख्याच्या चुलीचा वायू बराच गरम असतो, आणि असा पाइप जोरात तापला तर तडकतो, प्रसंगी फुटून तुकडेही उडतात.

घाबरून जाऊ नका. एकदा बोळा ओढल्याने आकाश कोसळत नाही. परंतु पुन्हा ओढू नका आणि सांडलेली धूळ झाडूने झाडू नका. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाका. पाइप उतरवताना चूल दोन दिवस बंद ठेवा, पाइपावर पाण्याचा फवारा मारा, दोन्ही तोंडे प्लास्टिकने बांधा, शक्यतो सांध्यावर सोडवून अखंड उतरवा आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. तोंडावर रुमाल किंवा साधा एन-९५ मास्कही पुरत नाही, अतिसूक्ष्म तंतू अडवणारा पी-१०० फिल्टरचा मास्क हवा. मुलांना आणि आईंना त्या दिवशी शेजारी पाठवा. उतरवलेला पाइप फोडून खड्डे बुजवायला वापरण्याची आपल्याकडे सवय आहे, ती येथे अजिबात नको. त्याची विल्हेवाट कुठे लावता येईल ते नगरपरिषदेत विचारा.

नवा पाइप स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. पाण्याचा जी.आय. पाइप स्वस्त पडतो म्हणून कोणी सुचवेल, परंतु सुमारे २०० अंशांच्या वर सतत तापल्यास जस्ताचा लेप टिकत नाही आणि फार तापला तर त्याची वाफ घातक असते. माळवदातून पाइप नेताना जुन्या सागवानी तुळया आणि कडीपाटाची काळजी घ्या. कोरडे लाकूड वर्षानुवर्षे शेकत राहिले की कमी तापमानालाही पेट घेऊ शकते, म्हणून पाइपाभोवती मोठ्या व्यासाची पत्र्याची बाही बसवून मधली जागा मोकळी ठेवावी, तीत माती किंवा भुसा कोंबू नये. पाइप छतातून बाहेर पडतो त्या जागेपासून किमान ९० सेंटीमीटर वर जावा, आणि तीन मीटरच्या परिसरात कठडा किंवा स्लॅबची खोली असेल तर तिच्या माथ्यापेक्षा ६० सेंटीमीटर उंच असावा. तुमच्या पुढच्या खोल्यांचा स्लॅब माळवदापेक्षा उंच असणार. पश्चिमेचा वारा त्या भिंतीवर आपटून खाली वळत असेल, तर धूर परत येण्याचे तेही एक कारण असू शकते.

आता खंगराविषयी. लाकडाच्या चांगल्या पेलेटमध्ये राख एक टक्क्याहूनही कमी असते, शेतातील काडीकचऱ्याच्या पेलेटमध्ये ती पाच टक्के किंवा त्याहून अधिक असू शकते. तुमच्या सहा किलोंवर हिशेब करा: पूर्वी रोज जेमतेम ५० ग्रॅम राख पडत असेल, आता ३०० ग्रॅम पडते. चूल तीच, भोके तीच, आणि राख सहापट. शिवाय काडीच्या राखेत पालाश आणि सिलिका यांचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे ती लवकर मऊ होते. लाकडाची राख साधारण १,२०० अंशांपुढे वितळते, तर काडाची ८०० ते ९०० अंशांच्या आसपासच चिकट होऊ लागते, आणि एवढे तापमान भांड्याच्या तळाशी सहज असते. पऱ्हाटी मुळासकट उपटून तशीच यंत्रात घातली असेल तर काळी माती सोबत येते आणि खंगर आणखी वाढतात. औष्णिक वीज केंद्रांत कोळशासोबत जाळण्यासाठी तयार केलेला माल कधी कधी किरकोळीत विकला जातो. तो मोठ्या बॉयलरला चालतो, घरच्या चुलीला चालेलच असे नाही. एक मूठ पेलेट्स पाण्यात टाकून विरघळू द्या आणि गाळ पाहा. तळाशी माती बसली तर तो माल परत करा.

बालाघाट ते तोरिनो

मी मूळचा अंबाजोगाईचा, सध्या नोकरीनिमित्त इटलीत तोरिनोजवळ राहतो. येथे पेलेट स्टोव्ह घर उबदार ठेवण्यासाठी असतात, स्वयंपाकासाठी क्वचितच, त्यामुळे माझा अनुभव तुमच्याशी तंतोतंत जुळणार नाही. तरी दोन-तीन गोष्टी उपयोगी पडतील.

आमच्याकडच्या स्टोव्हचे धुराडे केवळ ८० मिलिमीटरचे असते, कारण वायू पंखा बाहेर ढकलतो. येथे डांबरासारखा चिकट थर फारसा जमत नाही. जमते ती पिठासारखी उडती राख, आणि तीही उभ्या पाइपात कमी, आडव्या तुकड्यात आणि वळणात जास्त. म्हणून स्टोव्हमागे पाइप वर वळतो तिथे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा सांधा असतो आणि त्याच्या खालच्या तोंडाला झाकण. झाकण काढले की राख खाली पडते, वरून चढण्याची गरज बऱ्याचदा पडत नाही. दुधनाकाठ, तुमचा दगड-बोळा वरून खाली आला तेव्हा सगळी काजळी चुलीमागच्या वळणात जाऊन बसली नसेल कशावरून? दोन दिवस बरे चालून पुन्हा तेच, यावरून मला तीच शंका येते.

आम्ही दर एक-दोन दिवसांनी भांडे साफ करतो, आठवड्याला राखेचा कप्पा रिकामा करतो, आणि हिवाळा सुरू होण्याआधी वर्षातून एकदा तंत्रज्ञ येऊन पंखा, धुराडे, दाराची दोरी असे सगळे उघडून पाहतो. दाराच्या काठाने काचतंतूंची जाड दोरी बसवलेली असते. ती दबून सपाट झाली की नको तिथून हवा शिरते. तपासण्याची रीत सोपी आहे: नोटेएवढा कागद दारात धरून दार बंद करायचे आणि कागद ओढायचा. अलगद निघून आला तर त्या जागी दोरी बदलावी लागते. तुमच्या हॉपरच्या झाकणाला आणि राखेच्या कप्प्यालाही हीच परीक्षा लावून पाहा.

घरातील साध्या व्हॅक्यूम क्लीनरने राख ओढू नका, एवढे मात्र आवर्जून सांगतो. माझ्या शेजाऱ्याने ते केले, आत एक निखारा गेला आणि पिशवीने पेट घेतला.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके जड होणे, मळमळणे, सगळ्या घराला एकदमच सुस्ती येणे, ही लक्षणे थंडीतापाची समजून माणसे दारे-खिडक्या लावून झोपतात आणि तेच जिवावर बेतते. आई खोकतात तो धूर निदान डोळ्यांना दिसतो.

निवृत्त मास्तर (जालना)

तोरिनोकरांचा टी-सांध्याचा सल्ला मी लिहायला विसरलो होतो. नव्या पाइपाला तो बसवाच. फक्त एक फरक लक्षात असू द्या. तिथे दर्जेदार लाकडी पेलेट्समध्ये ओलावा दहा टक्क्यांच्या आत ठेवलेला असतो. आपल्याकडे पावसाळ्यात गोणी जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवली की पेलेट हवेतले पाणी ओढतो, फुगतो, भुगा होतो. ओला माल जाळला की ज्वाला थंड पडते, वायू धुराड्यात १२० अंशांच्या खाली उतरतो आणि तिथे डांबरी थर धरतो. तो चकाकणारा काळा थर ब्रशने निघत नाही आणि पेटला तर धुराडे घरघर आवाज करत लालबुंद होते. तसे कधी झालेच तर पंखा बंद करा, झाकणे लावा, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा. पाइपात पाणी ओतू नका, तापलेला पाइप तडकेल. थराची जाडी तीन मिलिमीटर दिसली की साफसफाईला उशीर झाला असे समजावे.

धुराडे ओढते की नाही, हे पाहण्यासाठी सकाळी पेटवण्याआधी टी-सांध्याच्या उघड्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. मागे आला तर पाइपात रात्रीची थंड, जड हवा बसलेली आहे. कागदाचा एक बोळा तिथे पेटवला की ती उठते आणि मग झाकण लावून चूल पेटवावी.

दुधनाकाठ (सेलू परिसर)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. काम अपेक्षेपेक्षा लांबले.

जुना पाइप सरांनी सांगितले तसा ओला करून, अखंड उतरवला. नवा स्टेनलेसचा चार इंची पाइप परभणीहून आणला, टी-सांधा बसवला, माळवदात बाही घातली आणि उंची स्लॅबच्या कठड्याच्या वर नेली. तोरिनोच्या दादांची शंका खरी निघाली: चुलीमागचे वळण उघडले तेव्हा ते निम्म्याहून अधिक राखेने भरलेले होते, आणि त्यात माझ्याच बोळ्याचा तागाचा तुकडा अडकलेला होता. वरच्या टोपीखाली कुंभारमाशीचे मातीचे घरटेही सापडले.

भांड्याची वरची भोके मोजली. छत्तीसपैकी एकवीस बुजलेली होती. पंख्याच्या पात्यांवरचा थर तर नखाने सोलून निघाला. आता सौ. रोज सकाळी भांडे उजेडाकडे धरून पाहते आणि मला नाव ठेवत नाही, यातच सगळे आले.

पेलेट्स पूर्ण बदलता आले नाहीत. एका गोणीचा गाळ पाहून विक्रेत्याला दाखवला, तेव्हा त्याने दुसरा माल दिला. तो निम्मा आणि भुशाचा निम्मा असे मिसळून वापरतो. खंगर अजून होतात, परंतु पातळ आणि हाताने मोडण्याजोगे. वीज गेल्यावर पंखा चालावा म्हणून दुचाकीची जुनी बॅटरी जोडली आहे. सर, राखेचे राहिले. आमची जमीन भारी काळी आहे.

खानावळवाली (लातूर)

दादा, बॅटरी चुलीपासून लांब आणि उंचावर ठेवली आहे ना? आमच्याकडे उतू गेलेले वरण थेट तिच्यावर सांडले होते. गोण्याही जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळ्यांवर ठेवा आणि वरून ताडपत्री टाका, मात्र ती चारही बाजूंनी घट्ट बांधू नका, आत दमट होते.

निवृत्त मास्तर (जालना)

राख कोकणातील आम्ल जमिनीला मानवते. आपली भारी काळी जमीन आधीच विम्लधर्मी असते, तिचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो, आणि पालाशही तिच्यात सहसा पुरेसे असते. त्यात वर्षाला शंभर किलो राख एकाच वाफ्यात ओतली तर लोह आणि जस्त पिकाला मिळणे अधिकच कठीण होते आणि पाने पिवळी पडतात. उकिरड्यावर पातळ थराने पसरली तर चालते. युरिया टाकलेल्या जागी तर मुळीच टाकू नका, त्यातील नत्र अमोनिया होऊन उडून जाते. माती परीक्षण करून घेतले तर अंदाजाने बोलण्याची गरज राहणार नाही. खंगर मात्र चाळून वेगळे काढा. काचेसारखे असतात, बैलाच्या खुरात किंवा अनवाणी पायात रुततात.